आईची मोठी डिस्क

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. तेव्हापासून घरातला जुना कॉम्प्युटर हेच तिचं बोलणं. तिची अख्खी नोकरी मराठी टायपिंगमध्ये गेली. मोबाइलच्या काचेवर तिची बोटं अडखळतात, या कीबोर्डवर न बघता धावतात. नवा कॉम्प्युटर आणून पाहिला, तर तिने त्याला हात लावला नाही. म्हणजे घरात खराखुरा अबोला. शेवटी नवा परत गेला आणि सक्करदऱ्याच्या घरातलं ते धूड तसंच राहिलं.

मागच्या वर्षी त्याची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली. मी बर्डीच्या बाजारात गेले, तर जुन्या मापाची मिळेना. मिळाली ती या मशीनच्या मानाने अवाढव्य. मधे अडाप्टर लावून ती बसवली, मशीन चालवणारं लिनक्स चढवलं, महिनोन्‌महिने चाललं. पण हे जुनं मशीन सुरू होताना त्याला डिस्कचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो. लिनक्स जागं झालं की सगळी डिस्क दिसते, मात्र त्याला जागं करणाऱ्या फायली त्या पहिल्या तुकड्यातच लागतात. अपडेट झालं, नव्या फायली पार लांब जाऊन बसल्या, आणि शनिवारी नुसता काळा पडदा.

आईने हात पालथे करून विचारलं, सगळं गेलं का?

"नाही वं आई, सगळं आतच आहे. त्याले तिथपर्यंत पोचता नाही येऊन राहिलं."

तिला ते पटलं नाही. रविवारी मला फक्त झोपायचं होतं. त्याऐवजी सीडीवरून मशीन चालू केलं, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मोठ्या डिस्कच्या तोंडाशी सुरुवातीच्या फायलींसाठी एक छोटा भाग राखला आणि सगळं पुन्हा चढवलं. पाठीचा पार भुगा झाला.

नीट उतरलं का बघायला एक फाइल उघडली, तर आईचा आवाज. ऑपरेशनच्या आधी मी बँकेत कामावर असले की ती मला मोबाइलवर आवाजी मेसेज पाठवायची, ते मी याच डिस्कवर जपून ठेवले होते. "काहून उशीर करून राहिली वं? भाजी थंडी होऊन राहिली." स्वयंपाकघरातून येऊन आई माझ्या मागे उभी राहिली. मला रडू आलं. थकव्याने आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग ती खुर्चीत बसली आणि टाइप केलं, "किती रागावत होती मी तुले."

"आता काहून नाही रागावत?"

"लिहिता लिहिता राग निघून जाते."

 तिचं रागावणं मला हवं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार.

सोमवारी बँकेतून निघायला उशीर झाला. घरी आले तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. आई पाठ करून बसली होती, वळली नाही. पडद्यावर, मावतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, मी यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं: "काहून उशीर केला वं?"