कागदाची दिवटी

शालिग्राम सोळंके पंचायत समितीत समाजशिक्षणाचं काम बघत. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि सरकारला त्या दिवसांत सगळ्या गोष्टींचं प्रदर्शन भरवायची हौस होती. संकरित ज्वारीचं प्रदर्शन, बिनधुराच्या चुलींचं प्रदर्शन, भजनी मंडळांच्या स्पर्धा, लोककलांचे मेळावे. चिखली भागात कुठेही मांडव उभा राहिला, की तो शालिग्रामभाऊंनी उभा केलेला असे. बांबू मागून आणायचे, सतरंज्या मागून आणायच्या, कलावंतांना निरोप धाडायचे, सगळे पांगल्यावर सतरंज्या झटकून परत करायच्या. पन्नाशी जवळ आली तशी त्यांची टाच दुखू लागली. एस.टी.तून उतरल्यावर पहिली काही पावलं ते खांबाला धरूनच टाकत.

त्यातच दिल्लीहून मागणी आली. तिथे परदेशी पाहुण्यांसाठी मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्यात देशभरातल्या पारंपरिक कला दाखवायच्या होत्या. बुलडाणा जिल्ह्यातून कलावंतांची एक पार्टी हवी होती. शालिग्रामभाऊंच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, देऊळघाटचा निवृत्ती गोंधळी.

निवृत्ती वाळक्या अंगाचा होता, पण संबळावर त्याची काडी पडली की बसलेली माणसं सरसावून बसत. आसपासच्या गावांत लग्न झालं की देवीचा गोंधळ त्याच्याकडेच. अंगणात चौक मांडायचा, घट ठेवायचा, दिवटी पेटवायची आणि चिखलीच्या रेणुकेपासून एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं. दोन चुलतभाऊ साथीला असत; एक तुणतुणं धरी, दुसरा दिवटी.

दिल्लीचं ऐकून निवृत्ती लगेच हो म्हणाला नाही. "तिकडे कोणाच्या घरचं कार्य हाय?" त्यानं विचारलं.

"कोणाच्याच नाही. सरकारचं हाय म्हण. बाहेरच्या मुलखातले लोक पाहाले येणार हायेत."

"तुम्ही येता ना संग?"

"हाव, येतो ना."

"मंग चाला."

मलकापूरला गाडीत बसले, भुसावळला बदलली. सगळ्या वाटभर शालिग्रामभाऊ सामानावर डोळा ठेवून बसून होते. निवृत्तीनं मात्र संबळ मांडीवरून खाली ठेवला नाही.

प्रदर्शनाचं मैदान एवढं मोठं होतं, की आपला तंबू सापडायलाच सकाळ गेली. कुठे मणिपूरचे नाचणारे, कुठे राजस्थानचे कठपुतळीवाले. पहिल्याच तालमीला कार्यक्रमाचे व्यवस्थापक आले, घड्याळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा वेळ नाही. दोन कडवी आणि नाच, बस." निवृत्तीनं मान डोलावली. मग त्यांची नजर दिवटीवर गेली. बंदिस्त सभागृहात, कापडी पडद्यांच्या मधोमध पेटती दिवटी चालणार नव्हती. त्यांचंही चूक नव्हतं. आदल्या आठवड्यात एका तंबूला आग लागून गेली होती. त्यांनी माणूस पाठवून दिवटी करवून घेतली. लाकडी दांडा, वर विजेचा दिवा, त्याभोवती लाल पिवळा चकचकीत कागद आणि खालून लोंबणारी तार.

निवृत्तीनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "भाऊ, हे काय हाय?"

"इथं आग चालत नाही म्हणतात."

"आग नाही त मंग आईले कशात बोलवू?"

शालिग्रामभाऊंच्या अंगात दोन रात्रींचा प्रवास होता, टाच ठणकत होती. मागे परतायचं म्हटलं तर वर किती ठिकाणी जाब द्यावा लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "हा गोंधळ नोहे असं समज निवृत्ती. गोंधळाचं सोंग हाय. माह्यासाठी कर."

निवृत्तीनं कवड्यांची माळ गळ्यात घातली. "तुम्ही म्हणता म्हून," तो म्हणाला.

कार्यक्रम झाला. टाळ्या थांबेनात. गोरी माणसं रंगमंचामागे येऊन संबळाला हात लावून गेली. शालिग्रामभाऊ पडद्याआडच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. टाळ्यांनीच त्यांना जाग आली.

परत आल्यावर महिनाभर सगळं छान चाललं. मग चिखलीच्या फिरत्या टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दाखवतात तसलं एक समाचारचित्र आलं. त्यात दिल्लीचं प्रदर्शन होतं आणि क्षणभर निवृत्तीही होता! देऊळघाटहून बैलगाड्या भरून माणसं बघायला गेली. सत्यभामाबाईही गेल्या. गावातल्या मोठ्या जमीनदार घरातल्या त्या थोरल्या. लग्नकार्यात त्यांचा शब्द चाले. पडद्यावर निवृत्ती नाचला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात कॅमेरा दिवटीवर गेला. कागद फडफडत होता आणि खाली तार लोंबत होती.

"दिवटीले आग कुठी हाय रे?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

त्यांच्या नातवाचं लग्न तोंडावर होतं. गोंधळाला त्यांनी दुसऱ्या गावचा गोंधळी बोलावला. ते बघून बाकीच्यांनीही तेच केलं. लग्नसराई सरत आली, तरी निवृत्तीच्या दारात कोणी सुपारी घेऊन आलं नाही.

शालिग्रामभाऊंना हे कळलं ते मेळाव्याचा निरोप द्यायला गेल्यावर. निवृत्तीची बायको सुभद्राबाई दारातच म्हणाली, "ते वावरात गेले. धसकटं वेचाले." मग पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "तुमच्यावर राग नाही भाऊ त्याहिचा. पण संबळ खुंटीवरून काढत नाहीत."

शालिग्रामभाऊ तिथून थेट सत्यभामाबाईंच्या घरी गेले. बाई ओसरीवर तूर पाखडत होत्या.

"माय, त्यानं माह्या म्हणण्यावरून केलं. दोष असन त माहा हाय."

"असन," बाई सूप न थांबवता म्हणाल्या. "पण देवीले तुम्ही नाही बोलावलं, त्यानं बोलावलं. तुमच्या घरी झाला हाय का कधी गोंधळ?"

"नाही."

"मंग तुम्हाले काय समजणार! तुम्ही त मांडववाले."

परतीच्या एस.टी.त शालिग्रामभाऊ खिडकीला डोकं टेकून बसले. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी कितीतरी गोंधळ लोकांना दाखवले होते. आपल्या अंगणात एकदाही घातला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, विमलबाईंना सांगितलं, "बेबीच्या लग्नात गोंधळ घालू."

"आपल्यात कुठी रीत हाय? आन् तुम्हाले धड उभं राहता येत नाही."

"बसून राहीन."

बेबी त्यांची धाकटी. तिचं लग्न त्याच महिन्यात ठरलेलं होतं. निवृत्तीला आमंत्रण द्यायला ते स्वतः गेले, पानसुपारी घेऊन, रीतीप्रमाणे. निवृत्तीनं सुपारीकडे पाहिलं.

"हे सरकारचं का घरचं?"

"घरचं. पोरीच्या लग्नाचं."

त्यानं सुपारी उचलून कपाळाला लावली.

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला शालिग्रामभाऊंच्या अंगणात चौक मांडला गेला. देऊळघाटच्या माणसांना शालिग्रामभाऊंनी एकेकाच्या घरी जाऊन बोलावलं होतं. बरीचशी आली, सत्यभामाबाईही आल्या; काही कुंपणाबाहेरच उभी राहिली. निवृत्तीचा आवाज सुरुवातीला बसल्यासारखा वाटला. काडी चुकली, तो थांबला, त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रेणुकेचं नाव आलं तेव्हा आवाज मोकळा झाला. शालिग्रामभाऊंना पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायचं नव्हतं, कोणाला खूण करायची नव्हती. भिंतीला पाठ टेकून ते नुसते ऐकत होते. आपण इतकी वर्षं हे ऐकलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचं दुःख करायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

मधेच सत्यभामाबाई उठल्या. बुधली घेऊन त्यांनी दिवटीवर तेलाची धार धरली. ज्योत भरारली. मग त्या जागेवर जाऊन बसल्या. पुढच्या सराईत निवृत्तीला पुन्हा बोलावणी आली. आधीइतकी नाही, पण घर चाललं.

वर्षाच्या शेवटी दिल्लीहून पुन्हा विचारणा झाली. ह्या वेळी पार्टी परदेशातल्या महोत्सवाला न्यायची होती आणि नाव निवृत्तीचंच होतं. शालिग्रामभाऊ देऊळघाटला गेले. निवृत्तीच्या ओट्यावर बसून चहा प्याले, पावसापाण्याचं बोलले. निवृत्तीनं विचारलं, "काही काम होतं का भाऊ?"

"नाही. असाच आलतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायत समितीतल्या साहेबांना सांगितलं, की पार्टी मिळत नाही, आणि मेळाव्यांचं काम आता दुसऱ्या कोणाकडे द्या.

"का हो? जिल्ह्यात ह्या कामात तुमचंच नाव घेतात."

"टाच लय दुखते साहेब," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

साहेबांनी थोडं समजावलं, मग मान्य केलं. शालिग्रामभाऊंकडे प्रौढांच्या साक्षरतेचे वर्ग तेवढे राहिले. त्या रविवारी उन्हं अंगणात आली तरी शालिग्रामभाऊ उठले नाहीत. विमलबाईंनी दोनदा डोकावून पाहिलं, आणि दारापाशी खेळणाऱ्या शेजारच्या पोरांना हळू आवाजात पलीकडे पाठवलं.