आजीबाईंच्या दाढेसाठी दोन पट्ट्या

दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव नव्हतं. ‘बंदुका, कुलपं आणि बारीक दुरुस्ती’ एवढंच. पण सगळी गल्ली त्याला सबूरकाका म्हणायची. गिऱ्हाइकानं दारात पाय ठेवून “कधी मिळेल?” विचारलं रे विचारलं, की आतून उत्तर यायचं, “सबूर!” एकानं म्हणे पोराच्या वाढदिवसाला छऱ्याची बंदूक दुरुस्तीला टाकली होती, ती हातात आली तेव्हा पोराचं लग्न ठरलं होतं. यात तिखटमीठ असेलही, पण फार नसावं. लोक शिव्या घालायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे, कारण काकांनी केलेलं काम कधी परत आलं नव्हतं. तीस वर्षांत एकही नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि न विचारता सांगायचे.

तर एका सोमवारी सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई लांबडी पेटी घेऊन दुकानात आल्या. पेटीत जनावरांना लांबून भुलीची सुई मारायची बंदूक होती.

“काका, हिच्यावर दुर्बीण बसवायची आहे. गुरुवारी हवी.”

“सबूर...”

“सबुरीला वेळ नाही हो!” बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांच्याकडे एक म्हातारी अस्वलीण होती, सगळे तिला आजीबाई म्हणायचे. तिची दाढ किडून जबडा सुजला होता, चार दिवस पोटात अन्न नव्हतं. दाढ काढायची तर आधी झोपवायला हवं, आणि जवळ जायची सोय नाही. बाईंनी गेल्या आठवड्यात दोनदा सुई मारली. एक दारावर आपटली, दुसरी पाण्याच्या हौदात गेली.

“साहेब म्हणाले, गुरुवारी शेवटची संधी. नाही जमलं तर बंदूक धाकट्या डॉक्टरांच्या हातात द्या. पोरगा हुशार आहे, पण त्यानं अजून अस्वल झोपवलेलं नाही. सुई मांडीऐवजी पोटात गेली तर आजीबाई जागच्या उठायच्या नाहीत. आणि माझं म्हणाल, तर नोकरीची उरलेली दोन वर्षं मी कागदांवर सह्या करत बसेन.”

काकांनी बंदूक उचलून डोळ्याला लावली. “डोळे ना?” त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं. “नेम धरायची माशी बघावी तर अस्वल धूसर होतं, अस्वल बघावं तर नळीच्या टोकावरची माशीच गायब. कुणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलू? बुधवारी सकाळी या.”

हे ऐकून आतल्या खोलीत भाजी निवडणाऱ्या काकूंच्या हातातली सुरी थांबली. दोन दिवसांचा वायदा? या माणसाच्या तोंडून?

दुर्बीण बंदुकीवर नुसती ठेवता येत नाही. आधी खाचांची एक पोलादी पट्टी, म्हणजे रेल, वरून स्क्रूंनी आवळायची, मग दुर्बिणीच्या कड्या त्या खाचांत बसवायच्या. ही पट्टी केसभर हलली, तर पंचवीस पावलांवर सुई बोटभर हलते. काकांनी खणातून दोन प्रकार काढून फडक्यावर मांडले. एक होता दोन आखूड तुकड्यांचा, एक पुढे, एक मागे, मधली जागा मोकळी. दुसरी होती एकसंध पट्टी, पुढून मागेपर्यंत सरळ. काकांचं मन तिच्यावरच बसलं. दोन तुकडे एका रेषेत आणायचे म्हणजे नसती कटकट, आणि ही तर जन्मतःच सरळ. शिवाय दिसायला काय देखणी!

त्यांनी बंदुकीच्या माथ्यावरचे भोकं बुजवणारे स्क्रू काढले, भोकं स्पिरिटनं पुसली, पट्टीखाली उजेड दिसेना तोवर घासून घासून बैठक जुळवली. पुढचे स्क्रू आखूड, मागचे लांब. अदलाबदल झाली तर टोक आत खुपतं आणि खटका अडतो, म्हणून प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवला. शेवटी पेचांवर डिंकाचा एकेक थेंब देऊन आळीपाळीनं आवळले. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी काकूंना हाक मारली.

“बघ! कुठे सांधा दिसतो का?”

“नाही बाई,” काकू म्हणाल्या, “जन्माला येतानाच घेऊन आल्यासारखी वाटते.”

काकांना रात्री झकास झोप लागली.

बुधवारी दुकानामागच्या अंगणात पेंढा भरलेलं पोतं उभं केलं. बाईंनी सरावाची सुई घेतली. तिच्यात औषधाऐवजी पाणी होतं. पट्टीखालच्या, सुई भरायच्या खिडकीतून त्यांनी ती आत सरकवली, दुर्बिणीला डोळा लावला, आणि फट्! पोत्यावरच्या खडूच्या गोलात. काकांनी दोन स्क्रू फिरवून दुर्बीण जुळवली. पुढच्या तिन्ही सुया चार बोटांच्या जागेत.

“छान झालंय, काका. जमेल,” बाई म्हणाल्या आणि कामावर गेल्या. स्क्रू पुन्हा एकदा तपासायचे म्हणून बंदूक काकांकडेच राहिली.

काका शीळ घालत घरात आले. काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “ते काम काही जमलेलं नाही हं.”

“काय?”

“त्या बाईंनी सुई घालताना तीनदा हात बाहेर काढला. दर वेळी. त्यांचा उजवा अंगठा वाकत नाही. शेवटी डाव्या हातानं ढकलत होत्या.”

काकू तीस वर्षं स्टेशनवर तिकीट खिडकीत बसल्या होत्या. “त्या भोकातून मला माणसांची तोंडं दिसलीच नाहीत कधी, नुसते हात दिसले. घाईचे हात, खोटं बोलणारे हात, सगळे ओळखते मी. त्या बाईंचा हात घाबरलेला होता. आणि उद्या सुईत पाणी नसणार. त्या औषधाचा थेंब माणसाला पुरतो, म्हणून जाड हातमोजे घालतात, त्याच सांगत होत्या ना?”

“मग बोलल्या का नाहीत त्या?”

“तुमचं तोंड बघितलंत का? नवरदेवासारखे उभे होतात! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, तोंड नसतं.”

काका तडकले. इतकं बेतशीर काम, तेही कधी नव्हे ते वेळेवर, आणि ते उखडायचं? ज्याच्या कामाला कुणी कधी बोट लावलं नाही, त्यानं स्वतःच लावायचं? चहा तसाच टाकून ते दुकानात गेले. पण काकूंना खोटं ठरवायचं तरी करून बघायला हवं. त्यांनी काकूंचा बागकामाचा जाड हातमोजा चढवला, अंगठा ताठ धरला आणि सरावाची सुई आत घालू लागले. मधली पट्टी बोटांना वाट देईना. सुई तिरकी झाली, निसटली आणि मोज्यातून सरळ अंगठ्यात घुसली.

रक्ताचा थेंब आला.  आत पाणी होतं म्हणून बरं!  दोन दिवस त्यांनी बंदुकीचं माप घेतलं होतं, दहा वेळा घेतलं होतं. ज्या हातात ती जाणार, त्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

“अगं!” त्यांनी आवाज दिला. “कथलाचा डाख द्यायचं हत्यार तापव लवकर!”

तापलेलं टोक एकेका स्क्रूवर धरून त्यांनी डिंक सैल केला आणि देखणी पट्टी उतरवली. मग ते दोन तुकडे. मागचा जरा ठेंगणा निघाला. त्याच्याखाली पितळेचा पातळ पत्रा सरकवला, दोन्हींवर सरळ पोलादी सळई ठेवून बघितली, पत्रा काढला, घासला, पुन्हा घातला. काकू दिवा धरून उभ्या होत्या. पाचाच्या सुमारास सळई दोन्हीकडे सारखी टेकली. मग दुर्बीण चढवून त्यांनी पोत्यावर नेम पुन्हा जुळवून घेतला.

बाई संध्याकाळी आल्या, तेव्हा काकांनी त्यांच्यापुढे हातमोजे ठेवले. बाईंनी ते घातले, सुई उचलली. मधल्या मोकळ्या जागेतून ती एका दमात आत गेली. त्यांनी काढून पुन्हा घातली. पुन्हा गेली. मग पोत्यावर तीन सुया मारल्या. तिन्ही जिथल्या तिथे.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” बाईंचे डोळे भरून आले होते. “पंधरा वर्षांपूर्वी माकड चावलं होतं अंगठ्याला. म्हटलं, तुमचं एवढं सुंदर काम, निभावून नेऊ.”

“घरात तिकीट खिडकी आहे आमच्या,” काका म्हणाले. “आणि काम परत आलं म्हणजे आलं. तीस वर्षांत पहिलं! लिहून ठेवा.”

गुरुवारी बाईंनी दोघांनाही प्राणिसंग्रहालयात बोलावलं. आजीबाई भिंतीला पाठ घासत कण्हत होत्या. बाई चाऱ्याच्या कोठीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, सुई भरली आणि दुर्बिणीला डोळा लावला. मांडी दिसेपर्यंत थांबल्या. फट्! लाल शेपटीची सुई मांडीच्या मऊ भागात बरोबर उभी राहिली.

मग काहीच झालं नाही. आजीबाईंनी मांडीकडे वळून पाहिलं आणि फेऱ्या मारायला लागल्या. तीन मिनिटं झाली, पाच झाली. साहेब सारखे घड्याळ बघत होते.

“दुसरी मारा, बाई!”

“नाही.”

 काकांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सहा मिनिटं. पत्रा सरकला असेल का? सुई नीट रिकामी झाली असेल ना? त्यांना राहवेना.

“बाई, कधी झोपेल हो ती?”

बाईंनी नजर न हटवता उत्तर दिलं, “सबूर, काका.”

नवव्या मिनिटाला आजीबाईंचे मागचे पाय लटपटले. त्या बसल्या, पुढच्या पंजांवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागल्या. बाई हातमोजे काढत धावल्या, त्यांच्यामागे धाकटे डॉक्टर औजारांची पेटी घेऊन पळाले. काकांनी कठड्यावरचे हात सोडले, तर बोटं पांढरी पडली होती.

काकू त्यांच्या कानाशी झुकल्या. “कळलं ना आता, गिऱ्हाइकाला कसं वाटतं ते?”