झाकून ठेवलेलं इंजिन

आज सकाळी गाडीवरचं कव्हर काढलं, तर खाली फरशीवर तेलाचा डाग. गाडी उभी राहून राहून इंजिनचं रबरी सील वाळलं होतं.

"अशा स्पोर्ट्‌स कार टिकतात का हो?" असं सोसायटीत कुणी विचारलं, की मी छाती फुगवून सांगायचो, "इतक्या वर्षांत एकदाही बंद पडली नाही!" खरं सांगतो, ती कधी धड चाललीच नाही. दसऱ्याला हार, अधूनमधून जागेवरच इंजिन चालू, की परत कव्हर. मिनिटाला आठ हजार फेरे घेण्यासाठी घडवलेलं ते इंजिन, पण काटा मी तीन हजारांपुढे जाऊ दिला नाही. बिघडेल याची भीती वाटायची, आणि त्या भीतीलाच मी काळजी म्हणत आलो. बायकोला दर वेळी "पुढच्या वर्षी फिरायला जाऊ" म्हणालो, तेही तसंच.

ती मागे येऊन उभी होती. "अहो, दोन सीटांची गाडी घेतलीत. दुसरी सीट कुणासाठी, लिंबू-मिरचीसाठी?"

गाडी आजच गॅरेजला नेतो आहे. दुरुस्त झाली, की दोघं घाटात जाणार. इंजिन नीट तापलं, की काटा आठ हजारांपर्यंत नेणार. बिघडलं तर बिघडू दे. चालताना बिघडलं, एवढं तरी म्हणता येईल.