न बोलावता आलेली माणसं

स्वतःच्या लग्नाची यादी करता करता मुक्ताची पेन्सिल एका नावावर थांबली. हॉल लहान होता, काही नावं खोडणं भागच होतं.

"हा बाइंडिंगवाला वामन कशाला?" माझे दीर म्हणाले. "तुझ्या बाबांची पुस्तकं बांधायचा, एवढाच संबंध."

"बाबा गेले तेव्हा तीन दिवस ते आपल्या जिन्यात बसून होते, काका. यादीत तुमचे साडू आहेत, ते आले होते?"

"अगं, त्यांना कळवायचं राहिलं असेल!"

"वामनकाकांनाही कुणी कळवलं नव्हतं."

"हिला वकील करायला हवं होतं," दीर पुटपुटले.

आपल्याकडे मयताला बोलावणं लागत नाही. कानावर आलं की माणूस पायात चपला सरकवून निघतो. लग्नाला मात्र हातात पत्रिका पडल्याशिवाय तोच माणूस शेजारच्या मांडवातही पाऊल टाकणार नाही. दुःखात माणसं आपल्याला निवडतात. सुखात त्यांना निवडण्याची पाळी आपली असते. इतकी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नाही, ते माझ्या मुलीला सुचलं होतं. मी तिच्याकडे बघतच राहिले.

तिनं आपल्या दोन मैत्रिणींची नावं खोडली आणि वामनरावांचं ठेवलं.

"बरं, पण तिकडे अक्षता द्यायला जाणार कोण?" दिरांनी विचारलं.

हे गेल्यापासून मंगल कार्याचं काहीही घेऊन मी कुणाच्या दारात गेले नव्हते. घरात कुणी तसं म्हटलं नव्हतं. मीच मागे राहत होते.

"मी जाईन," मी म्हणाले, आणि साडी बदलायला उठले.