कथेतली पिशवी

शनिवार. शिरूरच्या वाचन मंडळात हजर: आम्ही तिघी शिक्षिका आणि वडगाव रासाईहून येणारी ती. ती कायम दाराजवळ बसते. बाहेर नवऱ्याच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला की वाक्य अर्धं सोडून उठते.

आजच्या कथेतली बायको घर सोडायला रोज पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. पिशवी कशाचं प्रतीक, यावर आम्ही दमेपर्यंत बोललो.

ती हसली. "प्रतीक कसलं, बाई? दोन साड्या आन् आधार कार्ड. पर रोज रिकामी कशाला करती येडी?"

हॉर्न वाजला. निघताना तिनं एक भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. घरी त्यांना घावंल."

पिशवी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यासाठी कपाटाची दुसरी किल्ली करून घ्यायची राहिली आहे.