मामांची सुट्या भागांची यादी

जुनी गाडी आणि लांबचा रस्ता यांच्यामध्ये फक्त माणसाची पूर्वतयारी उभी असते. हे वाक्य माझ्या थोरल्या मामांचं. ते बोलताना मामा बसलेले असले तर उभे राहायचे.

गाडी त्यांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतली होती. मूळची ती रुग्णवाहिका. मामांनी तिच्यात दोन फळ्यांचे बिछाने केले, स्टोव्हसाठी खण केला, मामीने खिडक्यांना पडदे शिवले. बाहेरून हिरव्या रंगाचे दोन हात दिले, तरी ऊन पडलं की तांबडा क्रॉस खालून वर यायचा. त्यामुळे रस्त्यात लोक आम्हाला आदराने वाट देत आणि मग आत कोण आहे ते वाकून बघत. आत मामी चहा करत असायची.

मामा सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. सुट्या भागांची यादीही त्यांनी नकाशावरच्या अक्षरांत काढली आणि चौकट करून गाडीच्या दारावर लावली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रेडिएटरची रबरी नळी, फॅनचा पट्टा, पंक्चरचं सामान, जॅक, पाने लहान ते मोठे, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. त्या काळी, म्हणजे सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास, नगरमधल्या कित्येक गॅरेजांतही एवढं सामान नसेल.

खरं सांगायचं तर तोवर गाडी दोनदाच बिघडली होती. एकदा पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली, तेव्हा मामीने तिथे कपड्यांचा साबण मळून थापला. एकदा रेडिएटर गळाला, तेव्हा मामीने त्यात मूठभर हळद टाकली. दोन्ही वेळा गाडी घरी पोचली. पण साबण आणि हळद यादीत आली नाहीत. त्या घरगुती वस्तू आहेत, असं मामांचं म्हणणं होतं.

त्या माघात माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. पाथर्डीच्या पलीकडे एका खेड्यात, मुहूर्त साडेअकराचा. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला दोन मामा. मान थोरल्यांचा, यात वाद नव्हता, पण धाकटे मामा आदल्या दिवशीच जाऊन बसले होते आणि जाताना म्हणाले होते, "दादा, तू ये तुझ्या दवाखान्यातून. नाही आलास तर मी आहेच." मामा त्या रात्री नीट जेवले नाहीत. नवरीने लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून पहिली जत्रा पाहिली होती. ती जागा धाकट्याला देणं त्यांना शक्य नव्हतं.

सकाळी सातला आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा नुकताच शिक्षकाच्या नोकरीला लागलो होतो आणि मामांच्या शेजारी बसून होकार देणं हे माझं काम होतं. मामीच्या मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीत मामांचा नवा, केशरी, मानाचा फेटा.

करंजीच्या पुढे पाचसहा मैलांवर काहीतरी फट्कन वाजलं आणि थोड्या वेळाने पुढून वाफ यायला लागली. मामांनी इंजिनावरचं टोपण उघडलं. फॅनचा पट्टा तुटून खाली लोंबत होता. मामांचा चेहरा उजळला. असा आनंद मी माणसाच्या चेहऱ्यावर बिघाडाच्या वेळी पुन्हा पाहिला नाही.

"नऊ वाजलेत. दहा मिनिटांचं काम. हत्यारांची पेटी काढ."

ती पेटी बिछान्याखाली होती. खडबडीत रस्त्यावर हत्यारं फार वाजतात म्हणून मामांनी आदल्या रविवारी तिचं झाकण आठ स्क्रूंनी पक्कं आवळलं होतं. मी पेटी रस्त्याच्या कडेला आणून ठेवली आणि विचारलं, "मामा, स्क्रू-ड्रायव्हर?"

मामांनी दोन्ही खिसे चाचपले.

"आत आहे," मामी म्हणाली. "यादीत शेवटचा."

कडेच्या हरभऱ्यातून एक म्हातारा शेतकरी हे सगळं बघत होता. तो खुरपं घेऊन आला, उकिडवा बसला आणि त्याच्या टोकाने एकेक स्क्रू फिरवू लागला.

"पेशंट कुठंय?" त्याने मामांना विचारलं.

"पेशंट नाही. आम्ही लग्नाला चाललोय."

"मंग पेटीला एवढं कुलुपबंद कशापायी? त्यात नवरी हाय व्हय?"

झाकण निघालं. खाकी कागदात गुंडाळलेला, पावडर लावलेला नवा पट्टा मामांनी दोन्ही हातांनी बाहेर काढला. पंख्याच्या चाकावर चढवायला गेले तर तो टीचभर कमी पडला. ओढला, कमी पडला. मामांनी तो उलटा करून पाहिला.

"हा तर लेकराच्या करदोड्यावानी हाय," म्हातारा म्हणाला.

साडेनऊ झाले होते. मामा गाडीच्या पायरीवर बसले. आवाज एकदम खाली आला. "आता तो उभा राहील तिच्या मागे."

मामीने आपली पत्र्याची पेटी उघडली आणि फेटा काढला.

"तो नाही," मामा म्हणाले. "अगं, तो मानाचा आहे."

"मान तिथे पोचल्यावर. इथे काय हरभऱ्यात मिरवणार आहात?"

म्हाताऱ्याने कापड बोटांत चोळून पाहिलं. "चांगलंय. वैनी, तीन हात फाडा." जन्मभर दोर वळलेला माणूस तो. कापड पाण्यात भिजवून त्याने एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं, आणि पीळ भरत भरत फेट्याचा दोर करून टाकला. चाकांवर चढवून, गाठ चपटी ठोकून तो म्हणाला, "सावकाश न्या. लई पळवू नका."

मामा उठले. ते आता सावरले होते. "आणखी दोन करा," ते म्हणाले. "सुटे."

मामीने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. पण आणखी सहा हात फेटा फाडला गेला, आणि हे कबूल केलं पाहिजे की ते दोन्ही लागले. पहिला पाथर्डीच्या अलीकडे तुटला, दुसरा पलीकडे. प्रत्येक वेळी मामांनी सुटा काढून माझ्यापुढे धरला. मामी हसून हसून खोकायला लागली. शेवटी मामाही हसले. आणि मग आम्ही तिघं, वाफ सोडणाऱ्या गाडीत, विनाकारण मोठ्याने हसत पुढचे काही मैल गेलो.

मांडवाशी पोचलो तेव्हा भटजी ओरडत होते, "मामा, मुलीला आणा!" लाल क्रॉसची गाडी धुरासकट आत घुसलेली पाहून दोन बायका "कोण गं गेलं?" म्हणून धावत आल्या. धाकटे मामा फेटा बांधून नवरीच्या खोलीच्या दारातच उभे होते. थोरल्यांनी उरलेला फेटा चालता चालता डोक्याला गुंडाळला होता. तो कसाबसा दोन वेढे बसला.

"दादा," धाकटे म्हणाले, "फेटा आटला का रे?"

"बाजूला हो."

धाकटे झाले. नवरीने वर पाहिलं, काळे हात पाहिले, आणि मुंडावळ्यांच्या आत खुदकन हसली. तिने त्यांचा हात धरला तो बोहल्यापर्यंत सोडला नाही. सगळी मंगलाष्टकं मामा तिच्या पाठीशी ताठ उभे होते, डोळे भरून, घोटभर पाणीही न पिता.

त्या लग्नाचा एकच फोटो आमच्याकडे आहे. मामा नवरीच्या बरोबर मागे उभे आहेत, त्यामुळे ते त्यात दिसत नाहीत.