देवाला ‘तुम्ही’

आईला आठवड्यातून दोनदा रेवदंड्याहून अलिबागला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळची रिक्षा, मग सुया, मग बाहेरच्या बाकावर माझं थांबणं. पावसाळा संपून नाताळ जवळ आला तरी तेच. ऑफिसातली माझी रजा केव्हाच संपली. आता आणखी सुट्ट्या घेतल्या तर येऊच नका, असं साहेब म्हणाले होते. घरात आम्ही दोघीच. कुणी विचारलं की मी ‘चाललंय’ म्हणायचे आणि विषय बदलायचे.

संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे आईच चालवते. त्या शुक्रवारी ती अलिबागहून आली ती आडवीच झाली. शेजारची मावशी, आईची चर्चमधली मैत्रीण, रोझरीला, माळेच्या जपाला, आली होती. रोझरी संपल्यावर आई म्हणाली, "आज मागणं तू माग गं. मला धाप लागते."

माझ्या प्रार्थना सगळ्या इंग्रजी, कॉन्व्हेंटात पाठ केलेल्या. मराठीत देवाशी मी कधी मोठ्यानं बोललेच नव्हते. डोळे मिटले आणि डॉक्टरांशी बोलते तशी सुरुवात केली.

"प्रभू, तुम्ही कृपया आईला बरं करावं. तुम्हाला शक्य असेल तर..."

मावशीला हसू आवरेना. "अगो, देव तुझा सासरा हाय का? पंचायतीत अर्ज देतेस जशी."

"सासरा असता तर बरं," आई उशीवरून म्हणाली. "हिचं लग्न तरी झालं असतं."

दोघी हसल्या. आई हसता हसता खोकली. मला कुठे बघावं कळेना.

"मग काय म्हणू?"

"‘तू’ म्हन. आपल्या मानसाला कुनी ‘तुम्ही’ म्हनतंय?"

मी पुन्हा डोळे मिटले. ‘तू’ म्हटल्यावर कृपया, शक्य असेल तर, यातलं काही पुढे येईना. तयार केलेली वाक्यंही आठवेनात.

"तू बघतोयस ना," मी म्हणाले. "मी थकलेय. मला एकटीला जमत नाही."

आईसमोर हे बोलायचं नव्हतं. मावशीसमोर तर नाहीच. मावशीनं आमेन म्हटलं, आणि उठता उठता पदर झटकत म्हणाली, "मंगलवारी मी जाते हिच्यासंगती. तू कामावर जा."

"नको मावशी, तुम्हाला उगाच..."

"आताच देवाला काय सांगितलंस? त्यानं ऐकलं, तर तू नको म्हनतेस?"

आई माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणायची मला इतकी सवय आहे की ‘बरं’ म्हणायला दोनदा तोंड उघडावं लागलं.

आईचे रिपोर्ट आहेत तसेच आहेत. ती बरी होईल की नाही, डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत. मी रोज मागते, आणि त्यानं काय ठरवलंय ते मला माहीत नाही. मंगळवारी मावशी जाते.